भाताचे वर्ष आणि गिरणीचा खाडा



कापडगिरणीच्या हजेरीपुस्तकात खाड्याची नोंद असे. जो माणूस पाळीवर आला नाही त्याचा त्या दिवशी खाडा पडला. मालकवर्गाने या खाड्यावर पुष्कळ लिहिले आहे. कामगार आळशी आहे, त्याला शिस्त नाही, त्याचे मन गिरणीत रमत नाही, अशी तक्रार मुंबईत पहिली गिरणी निघाल्यापासून, म्हणजे १८५४ पासून पुढे शंभर वर्षे चालू होती. मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस काढले, त्याचे 'लेबर गॅझेट' निघू लागले, आणि महिन्यामहिन्याच्या गैरहजेरीचे आकडे छापले जाऊ लागले. त्या आकड्यांत उन्हाळ्याचे महिने नेहमी वर असत. कारणे बहुधा दोन-तीन शब्दांत दिलेली असत: उष्णता, लग्नसराई, गावी जाणे.

या 'गावी जाणे' दोन शब्दांच्या मागे काय होते, ते आज मला सांगावयाचे आहे. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच झाले. पुढे जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटातले आणि लोकांच्या पेट्यांतल्या कागदांवरचे. त्यामुळे माझी मांडणी पंडितांची होणार नाही. पण भाताचे शेत मी लहानपणापासून पायाखाली घातलेले आहे, आणि गिरणीच्या माणसांत उमेदीची वर्षे घालवली आहेत. ही दोन वर्तमाने इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. वस्तुतः ती एकाच घरातली होती.

मी बोलणार आहे ते जुन्या रत्नागिरी जिल्ह्याविषयी. १९८१ साली सिंधुदुर्ग त्यातून वेगळा झाला, त्याआधीचा हा जिल्हा. गिरण्यांना सर्वांत जास्त माणूस पुरविणाऱ्या जिल्ह्यांत त्याचे नाव पहिले. साताऱ्या-पुण्याकडचे घाटावरचे लोकही गिरण्यांत मोठ्या संख्येने होते, परंतु त्यांचे पीक ज्वारी-बाजरीचे, त्यांच्या रब्बीचा हिशेब निराळा, म्हणून तो मी बाजूस ठेवतो.

भाताचे वर्ष पावसापासून सुरू होते असे शहरातला माणूस समजतो. ते सुरू होते पौष-माघात, कवळ तोडण्यापासून. ऐन, किंजळ अशा झाडांचे टहाळे कोयत्याने उतरवून, वाळवून, भारे करून शेतापाशी आणावयाचे. ज्या तुकड्यात रोप करावयाचे त्यावर आधी शेण, त्यावर कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि वरून बारीक माती असा थर रचावयाचा. चैत्र-वैशाखात तो वाऱ्याची दिशा पाहून पेटवितात. उत्तरेकडे याला राब म्हणतात, खाली दक्षिणेकडे भाजवळ. वरची माती अशासाठी की जाळ भडकू नये, धुमसत राहावा. जमीन भाजली की तणाचे बी मरते, राख मुरते, आणि रोप जोमाने उठते. इंग्रज अमलात शेतकी खात्याने आणि जंगल खात्याने राबावर बरेच वाद घातले. झाडे तोडली जातात हा जंगल खात्याचा आक्षेप होता. शेतकऱ्याचे उत्तर सोपे होते: दुसरे खत विकत घेण्यास पैसा नाही.

वैशाखात आणखी कामे असत. घराची शाकारणी, बांधांची दुरुस्ती, सरपण, आणि आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाचे चार महिने पुरेल असे मीठ, मिरची, सुकी मासळी घरात आणून ठेवणे. मग रोहिणी नक्षत्र लागते, साधारण २५ मेला. काही जण तेव्हाच धूळपेरणी करून घेतात. बाकीचे मृगाची, ७-८ जूनची, वाट पाहतात. पावसाची ही नक्षत्रे सूर्याची आहेत, म्हणून ती इंग्रजी तारखांना दरवर्षी जवळपास धरून असतात. सण पुढेमागे होतात, मृग होत नाही. गिरणीच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावी इतका तो नेमका. मालकांना ही खूण दिसली नाही असे म्हणवत नाही, कारण बदली कामगारांची भरती त्या सुमारास वाढत असे.

पेरणीनंतर वीस-पंचवीस दिवसांत रोप लावणीस येते. हे दिवस फार महत्त्वाचे आहेत. रोप काही थांबत नाही. ते जून झाले की फुटवा कमी येतो. पाणीही थांबत नाही. आर्द्रा-पुनर्वसूत कुणगा भरला त्या दिवशी चिखलणी झाली पाहिजे. मागे नांगर, पुढे बैल, वरून पाऊस, अंगावर घोंगडी. नांगर धरणे पुरुषाचे काम मानले जाई. रोप काढणे, मुठी बांधणे आणि लावणी हे बायकांचे. डोक्यावर इरले घेऊन, कमरेत वाकून, मागे मागे सरकत दिवसभर लावावयाचे, आणि संध्याकाळी घरी येऊन चूल पेटवावयाची. ज्या घरी एकच बैल असे ते दुसऱ्या एका बैलवाल्याशी मिळून जोत करीत आणि आज तुमच्यात, उद्या आमच्यात असे लावीत जात. अडीच-तीन आठवडे संपूर्ण वाडी चिखलात असे.

लावणीनंतर श्रावणात बेणणी, तीही बायकांची. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. ती जमीन दोन-तीन वर्षे पिकवून मग काही वर्षे पडीक टाकावी लागे. भाद्रपदात गणपती. मग हळवे भात तयार होते, माळावरच्या कमी पाण्याच्या तुकड्यांतले. ते दसऱ्याच्या मागेपुढे कापतात. नव्याच्या पौर्णिमेला लोंब्या दारावर लागतात. खोलगट मळ्यातले गरवे भात दिवाळीनंतरही उभे असते, त्याला रानडुकरांपासून राखण करावी लागते. कापणी, भारे, उडवी, झोडणी, मळणी. हस्ताचा पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला तर कापलेले भात शेतातच कोंब धरते, म्हणून कापणीलाही लावणीसारखीच घाई. मळणी उरकली की त्याच ओलीवर कुळीथ, पावटा. पुन्हा पौष.

या वर्षाचे दोन गळे आहेत, म्हणजे जिथे माणसाशिवाय अडते अशा दोन जागा: रोहिणीपासून पुनर्वसूपर्यंतचा एक, आणि आश्विन-कार्तिकाचा दुसरा. मधले दिवस घरातल्या बायका, म्हातारे आणि मुले ओढून नेऊ शकत. गिरणीला माणूस मिळाला तो या मधल्या दिवसांतून.

आता प्रश्न असा की माणसाने घर सोडलेच का. भात घरात आले तरी ते घराचे नव्हते. रत्नागिरीत खोती होती. कुळाने कसलेल्या भातशेतीचे अर्धेल, म्हणजे अर्धे पीक, आणि वरकस नाचणी-वरीचे तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा, हा सर्वसाधारण प्रघात होता. पीक उभे असताना खोत किंवा त्याचा माणूस येऊन अंदाज बांधी. याला अभावणी म्हणत. अंदाज शेतावर बांधला जाई आणि वसुली खळ्यावर होई. मधल्या दिवसांत पावसाने जे नासले ते कुळाच्या अंगावर. त्याशिवाय वेठ, म्हणजे खोताच्या शेतावर फुकट काम, आणि तेही नेमके लावणीच्या दिवसांत, कारण खोताच्या भातालाही पाऊस तोच. १८८० चा खोती कायदा झाला, वहिवाटीची नोंद झाली, तरी कुळाच्या कणगीत जे राहिले ते पुढच्या पावसापर्यंत सगळ्या तोंडांना पुरत नव्हते. लहान घरात पावसाळ्याच्या तोंडालाच कणगीचा तळ लागे.

म्हणून एक माणूस मुंबईस. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल दिलेल्या व्हिटले कमिशनने हे मान्य केले, की खेड्यातला माणूस शहराच्या ओढीने येत नाही, त्याला खेड्यातून ढकलून दिले जाते. या कमिशनवर ना. म. जोशी होते, स्वतः कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. त्याच कमिशनने असेही मत दिले की कामगाराचा गावाशी असलेला संबंध तोडू नये, तो नियमित करावा; आहे त्या परिस्थितीत तो संबंध हिताचा आहे. हे वाक्य मी अनेकदा वाचले. हिताचा कोणाच्या? कामगाराच्या तर होताच, परंतु मालकाच्याही होता, आणि ही दुसरी बाजू अहवालात पुरेशी उलगडलेली मला दिसली नाही.

ती मी माझ्या पद्धतीने मांडतो. एका माणसाचा मुंबईतला खर्च म्हणजे खानावळ, चाळीतल्या खोलीतला वाटा, कपडा, विडीकाडी. उरेल ते मनिऑर्डरीने गावी. त्यातून खोताचे, वाण्याचे आणि कर्जाचे भागे. मग बायकोचे, मुलांचे, सासूसासऱ्यांचे पोट कशावर चाले? बहुतांशी त्या अर्ध्या भातावर आणि दोन तृतीयांश नाचणीवर. मुले वाढली ती तिथे. कामगार आजारी पडला, त्याला कापसाच्या धुळीने दमा जडला, तर तो परत गेला तिथे. म्हातारा झाला तरी तिथेच. पुढच्या पिढीचा कामगार लहानाचा मोठा करून द्यावयाचा आणि मागच्या पिढीचा सांभाळावयाचा, हा सगळा खर्च गिरणीच्या वेतनात धरलेला नव्हता. तो इरल्याखालची बाई भरीत होती. गिरणीच्या ताळेबंदात तिची एक ओळही नाही.

आणि याच माणसाने मृगाच्या आधी चार आठवडे मागितले तर त्याला खाडा म्हणत. जाण्यायेण्याची कथा थोडी सांगितली पाहिजे. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ साली. त्याआधी कित्येक पिढ्यांची वाट समुद्राची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी आगबोट बंदरे घेत जाई. बोट बाहेर उभी राहावयाची आणि पडावातून माणसे किनाऱ्याला लागावयाची. पावसाळ्याच्या तोंडाला ही वाहतूक बंद होई. म्हणजे पेरणीसाठी शेवटच्या बोटीने आलेला माणूस लावणी उरकून परत निघाला तर समुद्र बंद. मग आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढून कोल्हापूर नाहीतर कऱ्हाड गाठावयाचे आणि तेथून आगगाडी. दहा दिवसांची रजा या माणसाला काय कामाची? तीही १९४५ पूर्वी पगारी नव्हतीच. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने २४० दिवस भरलेल्या कामगाराला वीस दिवसांमागे एक दिवस या हिशेबाने पगारी रजा मिळू लागली. २४० भागिले २०, बारा दिवस. बारा दिवसांत लावणी होत नाही, हे कायदा करणाऱ्यांपैकी कोकणातल्या कोणालाही विचारता आले असते.

शिवाय पगार. १९३६ चा पगारवाटप कायदा येईपर्यंत महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात बराच उशिरा हाती पडे. मे महिन्यात निघणाऱ्याला एक तर पगारासाठी थांबून बोट चुकवावी लागे किंवा पगार मागे ठेवून जावे लागे. परत आल्यावर जागा मिळेलच असे नाही. ती मुकादमाच्या हातात. मुकादमाचा हात ओला केल्याशिवाय साच्यावर पुन्हा उभे राहता येत नसे, आणि तोवर रोज सकाळी फाटकाशी बदली म्हणून उभे राहावयाचे. लावणीची ही किंमत होती. ती माणसाने वर्षानुवर्षे दिली, यावरून त्या अर्ध्या भाताची घराला किती गरज होती ते समजावे.

आता संपांकडे वळू. आमच्या चळवळीत संपांच्या तारखा पाठ असतात. त्या नक्षत्रांच्या शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला फार उशिरा, वाचता वाचता सुचले. १९२५ चा संप. मालकांनी साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली, सप्टेंबरात गिरण्या बंद पडल्या, आणि डिसेंबरात कापडावरील अबकारी जकात तहकूब झाल्यावर कपात मागे घेतली गेली. सप्टेंबर ते डिसेंबर म्हणजे हळव्याच्या कापणीपासून गरव्याच्या मळणीपर्यंत. १९२८ चा मोठा संप. एका माणसाकडे अधिक साचे, अधिक काम देण्याच्या नव्या पद्धतीवरून तो पेटला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत तो चालला. भाजवळीपासून हळव्यापर्यंत. १९२९ चा संपही एप्रिलअखेर सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत गेला.

पुढाऱ्यांनी पंचांग पाहून संप पुकारले असे मी सुचवीत नाही. कारणे गिरणीतली होती, भांडण गिरणीतले होते. परंतु संप पुकारणे वेगळे आणि टिकणे वेगळे. संघटनेजवळ दीड लाख माणसांना सहा महिने पोसण्याइतका निधी कधीच नव्हता. संपकरी मोठ्या संख्येने गावी गेले. खानावळीचे बिल थांबले, फाटकावर फोडता येतील अशी माणसे कमी झाली, आणि ज्या घराला एरवी चार आठवडे पुरुष मिळे त्याला त्या वर्षी संपूर्ण पावसाळा मिळाला. गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत काम केलेले. अशा माणसांना गाव म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९२८ च्या इतिहासात डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर यांची भाषणे आहेत आणि ती असलीच पाहिजेत. त्या भाषणांमागे एका पावसाचे भात होते, एवढीच माझी पुरवणी.

शेतकऱ्यांचाही एक संप झाला, तो इथे सांगितला पाहिजे. अलिबाग तालुक्यातील चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, म्हणजे ऐन कापणीच्या दिवसांत, नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने सभा झाली आणि आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचे ठरविले. १९३९ पर्यंत तो संप चालला. गिरणीचा संप कोणत्याही सोमवारी सुरू करता येतो आणि कोणत्याही सोमवारी मागे घेता येतो. शेताचा संप वर्षातून एकदाच ठरतो. मृगाला नांगर घातला नाही की तो निर्णय पुढच्या मृगापर्यंत बदलत नाही. खारजमिनीत तर बांधाची डागडुजी थांबली आणि भरतीचे पाणी आत शिरले की मिठाने जमीन वर्षानुवर्षे मारली जाते. हे ठाऊक असून चरीच्या कुळांनी सहा पावसाळे काढले, लाकूडफाटा विकून आणि परक्याच्या मजुरीवर. भाताच्या आधाराशिवाय झालेला संप तो. डॉ. आंबेडकरांनी त्या कुळांची बाजू घेतली, आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कुळे मालक झाली.

त्या दिवशी सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढले, हे ज्याने त्याने आपल्या घरचा उतारा काढून पाहावे. कसेल त्याची जमीन असे सूत्र होते. बहुतेक ठिकाणी नाव चढले ते मुंबईत साच्यावर उभ्या असलेल्या माणसाचे.

१९८२ ची गोष्ट मला ऐकीव नाही. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा बारा वर्षांचा. वडील फेब्रुवारीत गावी आले. त्या वर्षी भाजवळीपासून मळणीपर्यंत ते घरी होते, आणि आमच्या आईला लग्नानंतर प्रथमच संपूर्ण वर्षभर नांगरामागे माणूस मिळाला. आम्हा मुलांना मोठी मौज वाटली. दुसऱ्या वर्षी मृग आला तेव्हाही वडील घरीच होते, आणि ती मौज उरली नव्हती. भात तेवढेच होते. अर्धेल द्यावयाचे नव्हते हे खरे, परंतु चुलत्यांत वाटणी होऊन कुणगे चार ठिकाणी गेले होते, शाळेची फी, औषध, रॉकेल सगळ्याला रोकड लागत होती, आणि मनिऑर्डर बंद. शेताने एका पावसाचा संप पेलला असता, कदाचित दीडाचा. हा संप त्याहून लांबला, आणि रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तोवर कापड यंत्रमागांवर निघू लागले होते. मालकांना घाई नव्हती. १९८२ च्या अपयशाची कारणे पुष्कळ सांगितली जातात, राजकारणाची आणि नेतृत्वाची. त्यांत मी हे एक घालतो, की या वेळी कणग आधी रिकामी झाली.

पुढे गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी मनोरे उठले. गावाकडे रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. पुरुष अजूनही बाहेर आहे. फक्त गिरणीऐवजी दुसरीकडे कुठे रखवालदार आहे, वाहनचालक आहे, हॉटेलात आहे. त्याला आता गणपतीची चार दिवसांची रजा मिळते, लावणीची कोणी देत नाही. आणि म्हणून कित्येक मळे पडीक आहेत. बांध ढासळले की वरच्या कुणग्याचे पाणी खालच्यात नीट उतरत नाही. एकाने शेती सोडली की शेजाऱ्यालाही सोडावी लागते.

माझ्या जवळ गिरणगावातल्या घरांतून जमविलेले थोडे कागद आहेत: मनिऑर्डरीच्या पोचपावत्या, बदलीचे पास, रजेचे अर्ज. रजेच्या अर्जांत कारण म्हणून 'आई आजारी' असे पुष्कळ वेळा लिहिलेले आहे, आणि तारीख पाहावी तर जूनचा पहिला आठवडा. यांच्या जोडीला गावाकडचे कागद हवेत. आपणांपैकी ज्यांच्या घरी खोताच्या वसुलीच्या पावत्या, १९५७ च्या सुमाराचे जुने उतारे किंवा मुंबईहून आलेली पत्रे असतील त्यांनी ती जपून ठेवावीत व मला पाहावयास द्यावीत. घरी कोणी लावणी केलेली आजी असेल तर कोणत्या साली कोण घरी होते, कोणते भात लावले होते आणि ते किती दिवस पुरले, एवढे तरी तिच्याकडून याच उन्हाळ्यात लिहून घ्यावे.